ऑस्ट्रेलियात कंपनीचं नॉमिनेशन नाकारलं गेलं, तर पहिल्या दिवसापासून काय करायचं

मी मूळचा साताऱ्याकडचा, धंद्याने डिझेल मेकॅनिक. २०१९ साली मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या एका छोट्या वर्कशॉपने माझ्यासाठी १८६ या कायमस्वरूपी व्हिसाचं नॉमिनेशन (हा माणूस आम्हाला या कामासाठी हवा, असा कंपनीचा सरकारकडचा अर्ज) भरलं होतं, ते नाकारलं गेलं. ईमेल आला तेव्हा मी गाडीखाली होतो. बायको सात महिन्यांची गरोदर होती. रात्री आम्ही दोघं ते पत्र पुन्हा पुन्हा वाचत बसलो, आणि त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आमच्या नजरेतून दोनदा निसटलं: दाद मागण्याचा हक्क माझ्या मालकाला होता, मला नव्हता.

तेव्हापासून मंडळाच्या कार्यक्रमात, मुलांच्या मराठी शाळेबाहेर, कुणाच्या तरी ओळखीने फोनवर, हाच प्रश्न घेऊन लोक येत राहिले. त्यांना जे सांगत आलो ते इथे नीट मांडतो. मी वकील नाही. वकिलाकडे जाण्याआधी काय माहीत हवं, आणि कोणती चूक नंतर सुधारता येत नाही, तेवढंच सांगू शकतो. ते वेळेत कळलं तर फार फरक पडतो.

आधी तीन कागद वेगळे ओळखा

कंपनीच्या मार्फत मिळणाऱ्या व्हिसात सहसा तीन वेगळे अर्ज असतात. पहिला स्पॉन्सरशिपचा: कंपनीला परदेशी कामगार घेण्याची मान्यता, ती साधारण पाच वर्षं चालते. दुसरा नॉमिनेशनचा: या कंपनीला, या कामासाठी, या पगारावर, हा माणूस हवा आहे. हे दोन्ही अर्ज कंपनीचे. तिसरा व्हिसाचा, तो तुमचा. तात्पुरत्या कामाचा ४८२ (७ डिसेंबर २०२४ पासून त्याचं नाव ‘स्किल्स इन डिमांड’ झालं), प्रादेशिक भागांसाठीचा ४९४ आणि कायमस्वरूपी १८६, तिन्हींमध्ये तुमचा व्हिसा नॉमिनेशनवर उभा असतो. १८६ च्या काही प्रकारांत कंपनीला वेगळी स्पॉन्सरशिप लागत नाही, पण नॉमिनेशन लागतंच.

म्हणून ‘माझा व्हिसा रिजेक्ट झाला’ असं सांगत कुणी आलं की माझा पहिला प्रश्न असतो: काय नाकारलंय, नॉमिनेशन की व्हिसा? बहुतेक वेळा आधी नॉमिनेशन नाकारलेलं असतं आणि व्हिसाचा अर्ज अजून जिवंत असतो. मधले हे थोडे आठवडे फार मोलाचे असतात. लोक ते रडण्यात आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारण्यात घालवतात.

पहिला दिवस: पत्र मिळवा, तारीख मोजा

नॉमिनेशन नाकारल्याचं पत्र तुम्हाला येत नाही. ते कंपनीला जातं, आणि कंपनीने एजंट नेमला असेल तर एजंटला. मालकाला आठवडाभर पत्ताच नसतो असंही घडतं. त्यामुळे कळल्याबरोबर दोन गोष्टी मागून घ्या: नोटिफिकेशनचं पत्र आणि त्यासोबतचा सविस्तर निर्णय. पत्रात कोण दाद मागू शकतं आणि किती दिवसांत, हे असतं. निर्णयात अधिकाऱ्याने कोणत्या नियमावर बोट ठेवलं ते असतं. दोन्ही लागतात.

दाद ट्रायब्युनलकडे मागायची, म्हणजे सरकारी निर्णय पुन्हा तपासणाऱ्या स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे. मुदत २८ दिवसांची आहे. जुन्या ट्रायब्युनलच्या काळात ती २१ दिवसांची होती, आणि अजूनही बरेच जण तोच आकडा सांगतात. १४ ऑक्टोबर २०२४ ला ते जुनं ट्रायब्युनल, एएटी, बंद होऊन त्याच्या जागी अॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्युनल म्हणजे एआरटी आलं, तेव्हा मुदतही बदलली. ईमेलने पाठवलेलं पत्र पाठवलं त्याच दिवसाच्या अखेरीस मिळालं असं कायदा धरतो. कुणी ते उघडलं की नाही याचा प्रश्नच येत नाही. पत्र ३ मार्चला ईमेलने आलं असेल तर शेवटचा दिवस ३१ मार्च. स्पॅममध्ये गेलं होतं, एजंट सुट्टीवर होता, मालक परदेशी होता, यातलं काहीही चालत नाही, कारण या प्रकारच्या निर्णयांत मुदत वाढवण्याचा अधिकार ट्रायब्युनललाच नाही. मुदत एका दिवसाने हुकली तरी बाजू कितीही खरी असो, ती ऐकली जात नाही.

मी लोकांना एकच सांगतो: विसावा दिवस हाच शेवटचा दिवस समजा. माझ्या मालकाने एकोणिसाव्या दिवशी, म्हणजे तेव्हाच्या मुदतीच्या दोन दिवस आधी अर्ज भरला. ते दोन आठवडे मला झोप नव्हती.

मालकाशी बोलणं

ही सगळ्यात अवघड पायरी. फॉर्म भरताना हिच्याबद्दल कुणी सांगत नाही. नॉमिनेशनच्या निर्णयाविरुद्ध दाद फक्त कंपनीच मागू शकते. तुमची कितीही इच्छा असली, पैसे खर्च करायची तयारी असली, तरी तुमच्या नावाने तो अर्ज होत नाही. मालकाने ‘जाऊ दे, पुन्हा बघू’ म्हटलं की ते दार बंद.

मालकाला दोष देऊ नका, कारण त्याच्या बाजूने हे डोकेदुखीचंच काम आहे. आधीची नॉमिनेशनची फी गेलेली असते. स्किलिंग ऑस्ट्रेलियन्स फंड लेव्हीचे (परदेशी कामगार घेताना कंपनीने सरकारी प्रशिक्षण निधीत भरायचे) पैसे भरलेले असतात: वर्षाला १ कोटी डॉलरपेक्षा कमी उलाढाल असलेल्या धंद्याला ४८२ साठी दर वर्षामागे १,२०० डॉलर, १८६ साठी एकदाच ३,००० डॉलर. नॉमिनेशन नाकारलं म्हणून ती लेव्ही परत येत नाही. त्यात ट्रायब्युनलची फी, १ जुलै २०२५ पासून ३,५८० डॉलर, आणि दर वर्षी जुलैत ती वाढते. जिंकल्यास निम्मी परत मिळते, पण आधी ती खिशातून जाते.

म्हणून मालकासमोर हात हलवत जाऊ नका. एका पानावर तीन गोष्टी लिहून न्या: शेवटची तारीख, खर्च, आणि नाकारण्याचं कारण कोणत्या कागदाने भरून काढता येईल. माझा मालक गणिताचा माणूस होता. मी गेलो तर नवा माणूस तयार करायला त्याला किती महिने लागतील, हे मी बोलायच्या आधी त्यानेच मोजून ठेवलं होतं. तुमचं मोल त्याला ठाऊक असतं. त्याला भीती वाटते ती न संपणाऱ्या कागदपत्रांची, तर ते ओझं तुम्ही उचला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. या वळणावर काही मालक किंवा मधले दलाल म्हणतात, ‘वर इतके पैसे दे, मग करतो.’ स्पॉन्सरशिपच्या बदल्यात पैसे किंवा कुठलाही लाभ मागणं, घेणं आणि देऊ करणं, तिन्ही १४ डिसेंबर २०१५ पासून बेकायदा आहे. पगारातून कापून घेणं, पगार देऊन रोखीने परत मागणं हेही त्यातच येतं. देणाऱ्याचा व्हिसाही जाऊ शकतो. गावाकडची जमीन विकून असे पैसे दिलेली माणसं मला माहीत आहेत. कृपया यात पडू नका. लेव्ही आणि नॉमिनेशनचा खर्च कंपनीनेच सोसायचा असतो, तो तुमच्यावर टाकता येत नाही.

नाकारण्याचं कारण: भरता येणारी फट की न भरता येणारी

ट्रायब्युनल ‘अधिकाऱ्याने चूक केली का’ एवढंच बघत नाही. तो सगळं प्रकरण नव्याने बघतो, आणि आज हातात असलेला पुरावा ग्राह्य धरतो. अर्जाच्या वेळी नसलेला कागद तुम्ही आता देऊ शकता. पण काही अटी अशा आहेत की त्या अर्ज भरण्यापूर्वीच पूर्ण व्हायला हव्या होत्या. तिथे आज आणलेल्या कागदाचा उपयोग नसतो. निर्णय वाचताना हाच फरक शोधा. दाद मागायची की नवं नॉमिनेशन भरायचं, हे बरंचसं यावर ठरतं.

न भरता येणाऱ्या फटीचं ठळक उदाहरण म्हणजे ४८२ ची जाहिरात, ज्याला लेबर मार्केट टेस्टिंग म्हणतात. कमीत कमी दोन जाहिराती, प्रत्येक निदान २८ दिवस चाललेली, नॉमिनेशन भरण्याच्या आधीच्या ठरावीक काळातली (७ डिसेंबर २०२४ पासून तो काळ सहा महिन्यांचा आहे, आधी चार होता). पगार ९६,४०० डॉलरच्या आत असेल तर जाहिरातीत पगार लिहिलेला हवा. एक जाहिरात २४ दिवसांत काढून टाकली असेल, तर ते चार दिवस कुठला वकील परत आणणार? अशा वेळी दाद मागण्यात वर्ष घालवण्यापेक्षा नीट जाहिराती देऊन नवं नॉमिनेशन भरणं शहाणपणाचं. अपवाद एकच, जाहिरात नियमात होती पण तिचा पुरावा नीट जोडला नव्हता. तो पुरावा आता देता येतो.

पगाराचंही असंच दोन अंगांनी बघावं लागतं. ४८२ च्या कोअर स्किल्स प्रवाहात १ जुलै २०२५ पासून किमान उत्पन्नाची मर्यादा ७६,५१५ डॉलर झाली, त्याआधीच्या वर्षी ती ७३,१५० होती. तुमच्या अर्जाला कोणत्या दिवसाचा आकडा लागू होतो ते तपासा. पण निर्णयात ‘बाजारभावाइतका पगार सिद्ध झाला नाही’ असं लिहिलं असेल, तर तो पुराव्याचा प्रश्न आहे. त्याच कंपनीत तेच काम करणाऱ्या ऑस्ट्रेलियन सहकाऱ्याच्या पगाराची स्लिप, लागू असलेला अवॉर्ड (त्या क्षेत्राचे किमान पगार आणि अटी ठरवणारा दस्तऐवज) किंवा कंपनी-कामगारांमधला एंटरप्राइझ अॅग्रीमेंट, त्याच शहरातल्या त्याच कामाच्या जाहिराती, यांनी ही फट भरते.

आता सगळ्यात नेहमीचं कारण, आणि याच्यावरच मी जास्त वेळ घालवणार आहे: ‘पद खरं वाटत नाही’. म्हणजे अधिकाऱ्याला असं वाटलं की हे काम या धंद्यात खरोखर नाही, किंवा आहे पण तुम्ही सांगता त्या दर्जाचं नाही, आणि पद व्हिसासाठी निर्माण केलंय. रेस्टॉरंट मॅनेजर, मार्केटिंग स्पेशलिस्ट, छोट्या ऑफिसातला अकाउंटंट, लहान हॉटेलातला शेफ, या पदांवर ही शंका वारंवार येते. चार टेबलांच्या कॅफेत मॅनेजर कशाला, असा साधा प्रश्न अधिकारी विचारतो. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तरही तितकंच साधं, प्रत्यक्षातलं हवं.

बहुतेक अर्जांत कामाची यादी व्यवसायांच्या अधिकृत सूचीतून, म्हणजे अँझस्कोतून, जशीच्या तशी उतरवलेली असते. अधिकाऱ्याने ती हजार वेळा वाचलेली असते. त्याऐवजी तुमचा खरा आठवडा लिहा. सोमवारी सकाळी काय करता, कोणाला कामं वाटून देता, पुरवठादाराशी कोण बोलतं, रोस्टर कोण लावतं, दर कामाला आठवड्यातले किती तास जातात. मग त्या प्रत्येक ओळीला कागद जोडा: तुमच्या नावाने गेलेल्या ऑर्डरी, तुम्ही बनवलेले रोस्टर, ईमेल, जॉब कार्ड. आम्ही वर्कशॉपच्या सहा महिन्यांच्या जॉब कार्डांचा गठ्ठा दिला होता. प्रत्येकावर माझ्या हाताची सही आणि ऑइलचे डाग. कंपनीचा आराखडाही द्या, तुमच्या येण्याआधीचा आणि नंतरचा, आणि तुम्ही नसाल तर ते काम कोणाच्या गळ्यात पडेल हे मालकाने स्वतःच्या शब्दांत लिहावं. मालकाच्या निवेदनात वकिलाची भाषा नको. त्याचं इंग्रजी साधं असेल तर साधंच राहू द्या.

दुसरं नेहमीचं कारण धंद्याची आर्थिक ताकद. १८६ मध्ये तुम्हाला निदान दोन वर्षं पूर्णवेळ नोकरीवर ठेवण्याची ऐपत दिसायला हवी. माझं प्रकरण इथेच अडलं होतं. मालकाने त्या वर्षी नवा होइस्ट (गाड्या उचलायचं यंत्र) आणि तपासणीची यंत्रं घेतली होती, त्यामुळे हिशोबात तोटा दिसत होता. अधिकाऱ्याने तोटा बघितला, कारण आम्ही त्याला तेवढंच दाखवलं होतं. दाद मागितल्यावर अकाउंटंटने पत्र लिहून तोटा कशामुळे आला ते समजावलं, कर्जाचे हप्ते कसे फिटतात ते दाखवलं, आणि पुढच्या दोन वर्षांचे हिशोब, बॅस स्टेटमेंट (धंद्याने कर खात्याला ठरावीक काळाने द्यायचा हिशोब), टॅक्स रिटर्न दिले. मधल्या काळात माझा पगार आणि सुपर (निवृत्तीसाठी मालकाने भरायची रक्कम) एकदाही चुकला नव्हता. तो पुरावा सगळ्यात बोलका ठरला, आणि नॉमिनेशन मंजूर झालं. या प्रकारात वेळ तुमच्या बाजूने काम करतो, अर्थात धंदा खरोखर सावरत असेल तर.

कंपनीवर फेअर वर्कची (कामगारांचे हक्क बघणाऱ्या सरकारी संस्थेची) कारवाई झाली असेल, पगार बुडवल्याची नोंद असेल, तर प्रकरण नाजूक असतं. ते थेट वकिलाकडे न्या.

व्हिसाच्या अर्जाचं पत्र येतं तेव्हा

नॉमिनेशन नाकारलं की थोड्या दिवसांत तुम्हाला खात्याचं (व्हिसे देणाऱ्या गृहखात्याचं) दुसरं पत्र येतं: नॉमिनेशन नाही, त्यामुळे तुमचा व्हिसा नाकारण्याचा विचार आहे, तुमचं काय म्हणणं? उत्तराला साधारण २८ दिवस देतात, पण पत्रात लिहिलेली मुदत हीच खरी. त्यात अर्ज मागे घेण्याचा पर्यायही सुचवलेला असतो. इथे घाईने बटण दाबू नका. दोन्ही बाजू नीट बघा.

अर्ज मागे घेतला तर व्हिसा नाकारल्याचा शिक्का बसत नाही. तो शिक्का बसला आणि तुमच्याजवळ दुसरा मूळ व्हिसा (ब्रिजिंग, म्हणजे निकालापर्यंत देशात राहण्यापुरता मिळणारा व्हिसा, सोडून इतर) नसेल, तर स्थलांतर कायद्याच्या ४८ व्या कलमामुळे ऑस्ट्रेलियात राहून बहुतेक नवे व्हिसे भरता येत नाहीत. नोव्हेंबर २०२१ पासून १९० आणि ४९१ (कुशल कामगारांचे दुसरे व्हिसे) आणि ४९४ यांना त्यातून सूट आहे. पण अर्ज मागे घेतला की दाद मागण्यासारखं काही उरत नाही, आणि त्या अर्जावर मिळालेला ब्रिजिंग व्हिसा ३५ दिवसांत संपतो.

अर्ज राहू दिला, व्हिसा नाकारला गेला, आणि तुम्ही वेळेत एआरटीकडे गेलात, तर ब्रिजिंग ए व्हिसा दादीचा निकाल लागेपर्यंत, आणि निकालानंतर ३५ दिवस, चालू राहतो. वेळेत गेला नाहीत, तर नाकारल्यापासून ३५ दिवस.

माझा कल कुठे आहे ते सांगतो. फट भरता येण्याजोगी असेल आणि मालक ठाम असेल, तर अर्ज राहू द्या. विशेषतः १८६ मध्ये वयाचा मुद्दा असतो. अर्ज भरताना ४५ च्या आत असावं लागतं. तुम्ही ४४ व्या वर्षी भरला होता आणि आता ४६ चे आहात, तर नव्याने भरायचा रस्ताच बहुधा उरलेला नसतो. जुना अर्ज जिवंत ठेवण्यात तुमचं ते ४४ वं वर्ष जिवंत राहतं. शिवाय १८६ चा व्हिसा त्याच अर्जात नमूद केलेल्या नॉमिनेशनवर मिळतो, कंपनीने नंतर नवं नॉमिनेशन मंजूर करून आणलं तरी जुन्या अर्जाला ते चिकटवता येत नाही. याउलट वय कमी असेल, ४८२ अजून शिल्लक असेल आणि चूक जाहिरातीसारखी असेल, तर नवा अर्ज हाच सरळ रस्ता. या एका निर्णयासाठी तरी तासभराचे पैसे देऊन चांगल्या माणसाचा सल्ला घ्याच.

क्रम चुकवू नका

एक बारीक नियम आहे, आणि त्याने बऱ्याच जणांचं नुकसान केलंय. ४८२ आणि ४९४ मध्ये तुमच्या व्हिसाच्या नकाराविरुद्ध तुम्ही दाद मागता, त्या क्षणी एकतर मंजूर नॉमिनेशन हवं, नाहीतर कंपनीचा नॉमिनेशनविरुद्धचा दाद अर्ज एआरटीकडे प्रलंबित हवा. (स्पॉन्सरशिपच नाकारली गेली असेल, तर तिच्याविरुद्धचा.) कंपनीने अर्ज केलाच नाही, किंवा तुमच्यानंतर केला, तर तुमचा अर्ज ट्रायब्युनलच्या कक्षेतच येत नाही.

म्हणून आधी कंपनीचा अर्ज, त्याची पोच हातात, मग तुमचा. दोन अर्ज, दोन मुदती, दोन फी. तुमच्या व्हिसाची मुदत तुमचं नकाराचं पत्र आल्यापासून वेगळी मोजली जाते. अर्ज एआरटीच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरता येतो. निर्णयाची प्रत जोडा, फी त्याच वेळी भरा, आणि पोचपावतीचा पीडीएफ दोन ठिकाणी साठवा. बाकी पुरावे नंतर देता येतात, त्यासाठी थांबू नका. खरोखर आर्थिक ओढाताण असेल तर फी निम्मी करण्याची विनंती करता येते, तिला बँकेचे कागद जोडावे लागतात.

थांबण्याचा काळ

माझं प्रकरण दोन वर्षांहून जास्त चाललं. या काळात सांभाळायच्या गोष्टी छोट्या आहेत, पण एकही सोडून चालत नाही.

कंपनीच्या स्पॉन्सरशिपची तारीख बघा. ४८२ चं नॉमिनेशन मंजूर व्हायला निकालाच्या दिवशी कंपनी मान्यताप्राप्त स्पॉन्सर असावी लागते. पाच वर्षं मधेच संपली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर जिंकत आलेलं प्रकरण हातचं जातं. संपण्याच्या काही महिने आधीच नूतनीकरण करून घ्या, आणि मालकाच्या फोनमध्ये रिमाइंडर स्वतः लावून द्या.

धंदा विकला जात असेल, भागीदार बदलत असेल, एबीएन (धंद्याचा नोंदणी क्रमांक) बदलत असेल, तर कागदावर सही होण्याआधी वकिलाला विचारा. नॉमिनेशन एका विशिष्ट कायदेशीर संस्थेचं असतं. दुकानाची पाटी तीच राहिली तरी मागची कंपनी बदलली की जुनं नॉमिनेशन नव्या मालकाच्या कामाचं राहत नाही.

काम करत असाल तर करत राहा, पण आधी व्हेवोवर (व्हिसाच्या अटी दाखवणाऱ्या सरकारी ऑनलाइन सेवेवर) जाऊन ब्रिजिंग व्हिसाच्या अटी वाचा. ४८२ चा व्हिसा अजून शिल्लक असेल आणि नोकरी सुटली, तर १ जुलै २०२४ पासूनच्या नियमाने नवा स्पॉन्सर शोधायला एका वेळी १८० दिवस आणि व्हिसाच्या पूर्ण काळात मिळून ३६५ दिवस मिळतात.

आणि गावी जाणं. ब्रिजिंग ए वर देश सोडला की तो संपतो, परत येता येत नाही. गणपतीला जायचं असो की वडील आयसीयूत असोत, विमानात बसण्याआधी ब्रिजिंग बी (बाहेर जाऊन परत येऊ देणारा) घ्यावाच लागतो. आजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी तसाच तिकीट काढायला बसलो होतो, बायकोने हात धरला. घरच्यांना हे आधीच समजावून ठेवा, म्हणजे ऐन वेळी ‘मुलगा आला नाही’ हा सल त्यांच्याही मनात राहत नाही.

दरम्यान खात्याकडची तुमची आणि कंपनीची फाइल माहितीच्या अधिकाराखाली, म्हणजे इथल्या एफओआयने, मागून घ्या. अधिकाऱ्याने कुठे फोन केला, वेबसाइटवर काय बघितलं, हे त्यातून कळतं. आमच्या फाइलमध्ये वर्कशॉपच्या जुन्या वेबपेजची प्रत होती, त्यावर कर्मचारी म्हणून फक्त मालकाचा फोटो. मालकाने त्याच आठवड्यात पान बदललं, आणि जुनं पान कधीचं होतं हे निवेदनात खरं खरं सांगितलं.

सुनावणी

एआरटी आधी लेखी माहिती मागवते. तिच्या पत्रातली मुदत पाळा, जमत नसेल तर मुदत संपण्याआधी लेखी वाढ मागा. सुनावणी प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर असते. कंपनीच्या प्रकरणात अर्जदार कंपनी आहे, त्यामुळे मालकाला बोलावं लागतं. तुम्ही साक्षीदार. कंपनीचं आणि तुमचं प्रकरण पुष्कळदा एकत्र ऐकतात.

कागद भक्कम असूनही प्रकरण हलतं ते मालकाला तुमच्या कामाचे तास, पगार, पदाचं नाव नीट सांगता आलं नाही की. हे एजंटने भरलेल्या अर्जांत सहज होतं, कारण मालकाने अर्ज कधी वाचलेलाच नसतो. आदल्या आठवड्यात दोघांनी मिळून पूर्ण फाइल वाचा. उत्तरं पाठ करू नका, पाठ केलेलं लगेच कळतं. आठवत नसेल तर ‘आठवत नाही, कागद बघून सांगतो’ म्हणा.

इंग्रजी अडतं असं वाटत असेल तर दुभाषी मागा. ट्रायब्युनल तो स्वतःच्या खर्चाने देतं, आणि मराठी दुभाषी मिळतात. हिंदीवर भागवू नका. ‘मी बघून घ्यायचो’ आणि ‘मी करायचो’ यातला फरक हिंदीत सांगताना माझ्या एका मित्राची गडबड झाली होती, आणि प्रश्न नेमका तोच होता: तो सुपरवायझर होता की कामगार.

सल्लागार निवडताना

ऑस्ट्रेलियात पैसे घेऊन असा सल्ला देणारा माणूस ओमाराकडे (एजंटांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे) नोंदलेला मायग्रेशन एजंट किंवा इथला वकील असायला हवा. एजंटचा नोंदणी क्रमांक ओमाराच्या संकेतस्थळावर तपासता येतो. वकिलाचं नाव त्या राज्याच्या वकिलांच्या नोंदीत बघा. पुण्यात किंवा मुंबईत बसून ‘आमची आत ओळख आहे’ म्हणणाऱ्याला दूरच ठेवा. ज्याने मूळ नॉमिनेशन भरताना चूक केली, त्याच एजंटकडे दाद अर्ज देताना दोनदा विचार करा. स्वतःची चूक मान्य करून लिहिणं त्याला जड जातं, आणि कधीकधी तीच चूक सांगणं तुमच्या हिताचं असतं. कंपनीचं आणि तुमचं हित वेगळं पडत असेल, तर वेगळा सल्लागार घ्या.

निकालानंतर

नॉमिनेशनचा नकार रद्द झाला की तुमच्या व्हिसाचं प्रकरण साधारणपणे खात्याकडे परत जातं. तिथे मेडिकल, पोलिस क्लिअरन्स यांची मुदत उलटलेली असते. ते नव्याने मागवतात. भारतातलं पोलिस क्लिअरन्स कॉन्सुलेटच्या मार्फत मागवायला वेळ लागतो, म्हणून निकाल जवळ आला की तयारी ठेवा. पुण्यातल्या जुन्या कंपनीची अनुभवपत्रं, सही करणारा माणूस नोकरी सोडून गेला असेल तर त्याचा आजचा फोन, हेही आधीच गोळा करा.

ट्रायब्युनलने नकार कायम ठेवला, तर फेडरल सर्किट अँड फॅमिली कोर्टात ३५ दिवसांत जाता येतं. पण कोर्ट पद खरं होतं का, पगार पुरेसा होता का, यात शिरत नाही, ते फक्त ट्रायब्युनलने कायदा मोडला का ते बघतं. नवे पुरावे तिथे कामाचे नसतात. त्या टप्प्यावर आधी एका स्वतंत्र वकिलाकडून निकाल वाचून घ्या, आणि त्याच आठवड्यात ब्रिजिंग व्हिसाचे उरलेले दिवस मोजून कॅलेंडरवर लिहा.